मैत्रिणीचं सुतक

दुधनाकाठ
(धागा सुरू केला)

भाद्रपदात, महालक्ष्म्या बसायच्या पाच-सहा दिवस आधी आईची मैत्रीण गेली. आमची मावशी, गंगाखेडला राहणारी. सख्खी, चुलत, मावस अशा कुठल्याच नात्यानं ती आमची मावशी नव्हती. पण आम्हा भावंडांत नुसतं 'मावशी' म्हटलं की तीच. आईच्या सख्ख्या बहिणींना आम्ही गावाचं नाव लावून हाक मारतो.

फोन आला तेव्हा आई ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि भावाला म्हणाली, "गाडी काढ." माती व्हायच्या आत आम्ही पोचलो. पुढं लेकी, सुना, नणंदा, जावा बसलेल्या. आई मागं, दाराजवळ. पाणी पाजायला एकेकीला नात्याप्रमाणं बोलावलं. आईला कुणी बोलावलं नाही. तिथं कुणाची चूक नव्हती, रीतच तशी आहे. पण मी आईकडं बघत होते. तिचा हात दोनदा पुढं आला आणि दोनदा पदराखाली गेला.

घरी आल्यावर भावजयीनं अंघोळीला पाणी काढलं आणि अगदी मनापासून विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला सुतक लागतं का? महालक्ष्म्यांचं काय करायचं?" बाबाच म्हणाले, "आपल्याला कशाचं सुतक? अंघोळ केली की झालं."

झालं. चौथ्या दिवशी आईनं डबे घासले, फराळाचं करायला घेतलं. ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहिल्या, पुरण शिजलं, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली. आमच्याकडं कुणी कडू घास आणला नाही, कुणी भेटायला आलं नाही. दोन वर्षांमागं आईचे एक चुलत सासरे वारले होते. आईनं त्यांना आयुष्यात चारदा पाहिलं असेल. त्यांचं दहा दिवस सुतक धरलं, शेजारणी भाकरी घेऊन आल्या, आईजवळ बसून गेल्या.

आता या दोघींचं सांगते. १९७२ चा दुष्काळ. दोघी त्याच वर्षी आमच्या गावात नांदायला आलेल्या, मानवत तालुक्यात. हळद उतरायच्या आत पाझर तलावाच्या कामावर. सासवांनी दोघींना एकाच पाटीवर लावलं, कारण दोघींनाही धड काम येत नव्हतं. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आई सांगते, "ती तिखटाचं पाणी करून आणायची, मी मीठ. दोघींचं मिळून कालवण व्हायचं."

पुढं मावशीच्या मालकांना गंगाखेडला मोंढ्यात काम लागलं आणि ती तिकडं गेली. तेव्हापासून चाळीस वर्षं परभणीला एस.टी. बदलून भेटी. आधी वर्षातून दोनदा, पंचमीला आणि उन्हाळ्यात. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आई महिन्याला जायला लागली. कुणाला विचारायची नाही, पिशवी घ्यायची नि निघायची. सत्तरीच्या उंबऱ्यावरच्या बाईला मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

आणि वाकळ. आमच्या घरातली एकूण एक वाकळ या दोघींनी शिवलेली आहे. वाकळ एकटीनंही शिवता येते, पण ओढली जाते, थर सरकतात. दोघी असल्या की समोरासमोरच्या काठांवर बसायचं, धावदोरा घालत आत आत यायचं. शेवटी मधे गुडघ्याला गुडघा लागतो. मावशी डावखुरी होती. तिचा टाका बारीक आणि उलट्या अंगाला कललेला. लहानपणी दिवे गेले की आम्ही अंधारात बोटानं चाचपून सांगायचो, ही आईची बाजू, ही मावशीची. मावशीच्या बाजूला झोपायला भांडणं व्हायची.

शेवटची वाकळ गेल्या उन्हाळ्यात धरली. चार दिवस मावशी राहिली, दोघींचं मिळून निम्मं झालं. ती तशीच ट्रंकेत आहे. सुया अजून तिला टोचलेल्या आहेत, दोन टोकांना दोन.

आईचं आणि बाबांचं चांगलं जमतं, त्यात खोट नाही. पण तिच्या आयुष्यात एक माणूस असं होतं की ज्याच्यापुढं तिला काही सांभाळावं लागत नव्हतं, आणि ते मावशी होती. मी याला प्रेम म्हणते. ज्या अर्थानं आपण हा शब्द नवऱ्यासाठी, लेकरासाठी, देवासाठी वापरतो, त्याच अर्थानं. मग त्या प्रेमाचं दुःख धरायला आपल्या समाजात दहा दिवस सोडा, एक दिवससुद्धा का नाही?

तुमच्या घरात, गावात अशा दोघी असतील तर लिहा. मला आईला वाचून दाखवायचं आहे.

पळसबन

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईंना माझ्यातर्फे भेटायला आले असं समजा.

औंढेकर

ताई, आईंच्या दुःखाबद्दल वाईट वाटलं, हे आधी सांगतो. पण एक शंका आहे, रागावू नका. मैत्री मोठीच, पण तिला प्रेम कामून म्हणायचं? सुतक रक्ताचं आणि लग्नाचं असतं, कारण तिथं जबाबदारी असते. मैत्रीण उद्या आली नाही तर तिला कोण विचारणार? आणि आमच्याकडं तर म्हणतात की बायकाच बायकांच्या वैरी. सासू-सून, जावा-जावा बघतोच की आपण.

दुधनाकाठ

औंढेकर दादा, रागावले नाही. उलट बरं झालं विचारलंत.

कुणी विचारणार नसताना मावशी आली, चाळीस वर्षं आली. माझ्या बाळंतपणात आईला टायफॉईड झाला होता. तेव्हा मावशी स्वतःची कापूस वेचणी सोडून सव्वा महिना आमच्याकडं राहिली. तिची मजुरी बुडाली, घरी बोलणी खाल्ली. तिच्यावर कसली जबाबदारी होती? जे केल्याशिवाय सुटका नसते ते माणूस करतंच. तिची सुटका कधीही होती आणि तिनं ती एकदाही घेतली नाही.

आणि 'बायकाच बायकांच्या वैरी' हे मी लहानपणापासून ऐकते. एका चुलीवर, एका माणसाच्या कमाईवर दोघींना बसवलं की भांडणं होणारच. भाऊ-भाऊ बांधावरून कोर्टात जातात, पण 'पुरुषच पुरुषांचे वैरी' अशी म्हण कुणी केली नाही.

बालाघाटची

ताई, मी बीड जिल्ह्यातली, उसाच्या फडात वाढलेली. दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायचं. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. मायची एक जोडीदारीण होती. आमच्याकडं मैत्रीण म्हणत नाहीत, जोडीदारीणच म्हणतात.

फडावर बाईला आडोसा नसतो. पहाटे तीनला एक अंघोळ करायची, दुसरी लुगडं धरून उभी. मग दुसरीची पाळी. थंडीत हात आखडायचे, पण लुगडं खाली आलेलं मी पाहिलं नाही. माझा धाकटा भाऊ कोपीतच झाला. नाळ जोडीदारणीनं कापली. माय पडून होती ते पाच दिवस, माझ्या बापानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या तिनं बांधल्या, स्वतःच्या बांधून झाल्यावर. मायला खाडा लागू दिला नाही. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती दिसते मला अजून.

गर्भपिशवी काढायचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. २०१९ साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आमच्या जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. माझ्या मायलाही एका डॉक्टरनं सांगितलं होतं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बाप घाबरला, पैसे उचलायला निघाला. जोडीदारीण आडवी आली. "आगुदर दुसऱ्याला दाखवू. मी येते संग." बसनं दुसऱ्या गावाला घेऊन गेली. औषधानं भागलं. माय आज साठीची आहे, धडधाकट आहे.

औंढेकर दादा, तुम्ही जबाबदारी म्हणालात म्हणून लिहिलं.

गोदाकन्या

मी मूळची गंगाखेडची, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. जनाबाई आमच्या गावची. तिच्या अभंगांत विठ्ठल काय काय करतो ते आठवा. दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. ही कामं कोण कुणासाठी करतं? नवरा करत नाही, राजा करत नाही. ही मैत्रिणीची कामं आहेत. आणि जनी त्याला 'विठाबाई' म्हणते. दासी म्हणून जिचं आयुष्य गेलं त्या बाईला देव हवासा वाटला तो शेजारी बसून डोकं विंचरणाऱ्या बाईच्या रूपात. मला तरी हे फार मोठं वाटतं.

दुसरं जात्याचं. जातं दोघींनी ओढायचं तर समोरासमोर बसतात, खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात. तुमच्या वाकळेसारखंच. एकीनं ओवीची ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. आपल्या बीडच्या माजलगावात १९९६ साली ध्वनिमुद्रण झालं. भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या दिल्या. मी ती ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत. ओवी चालू असताना दुसरी आवाज कशी मिसळते ते ऐकण्यासारखं आहे. पहिलीचा श्वास कुठं तुटणार हे तिला आधीच ठाऊक असतं.

ओव्यांत 'शेजी', म्हणजे शेजारीण, किती वेळा येते पाहा. भाऊ येतो, बाप येतो, लेक येतो, पण सुखदुःख सांगायचं झालं की शेजी. आपल्या आज्यांकडं शब्द होता, ताई. आपण तो गाळला.

औंढेकर

बालाघाटच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी शब्द मागे घेतो.

तेरणाकाठ

आमची आजी आणि तिची शेजारीण. दोघींच्या घरात एकच मातीची भिंत, तीन फूट जाड. त्या भिंतीत एक आरपार दिवळी होती. तिच्यातून विस्तव जायचा, विरजण जायचं, रडकं लेकरू उचलून पलीकडं द्यायचं. दिवळीला फडकंसुद्धा नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्या जाड भिंतींनीच माणसं मारली. आमच्यातले तीन गेले, शेजारणीकडचे पाच. या दोघी वाचल्या. आजी सांगायची, ढिगाऱ्यातून ती आधी ओरडली, मग मी ओरडले. उजाडेपर्यंत दोघी एकमेकींना हाका मारत राहिल्या, झोप लागू नये म्हणून.

पुढं नवं गाव झालं. बावन्न गावं नव्या जागी वसवली, तुम्हाला माहीत असेल. घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली, भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावर ४००, मोठ्यांना ७५०. त्यामुळं जुन्या गल्ल्या मोडल्या. आजीचं घर एका टोकाला, शेजारणीचं दुसऱ्या टोकाला. मधे रुंद, सरळ, उन्हाचे रस्ते. सिमेंटची पक्की घरं मिळाली, पण आजीला त्या घरात चैन पडेना. कशाचा हिशोब धरला होता? सातबाऱ्याचा. दिवळीचा उतारा कुणाकडं असतो?

आजी रोज दुपारी जेवण झालं की निघायची. डोक्यावर पदर, हातात काठी. गुडघे गेल्यावरही जायची. शेवटी शेवटी आम्ही तिला मोटारसायकलवर नेऊन सोडायचो. दोघी बोलायच्या नाहीत फारसं. ज्यांची माणसं एका रात्रीत गेली त्यांना एकमेकींना काय सांगायचं राहिलेलं असतं? नुसत्या बसायच्या. आम्ही न्यायला गेलो की शेजारीण म्हणायची, "ने गं माय, उद्या आण."

आजी २०११ ला गेली. शेजारणीनं तीन दिवस अन्न घेतलं नाही. तिला कुणी सुतक सांगितलं नव्हतं.

देगलूरनाका

नांदेडहून. मी मुस्लिम घरातली, मराठी शाळेत शिकले. गावातून तालुक्याला एस.टी.नं जायचे. मुलींना पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेचा, त्यामुळं तर घरच्यांनी पाठवलं. गावातून आम्ही दोघीच. रोज जाऊन-येऊन दोन तास एका सीटवर. आमचं अर्धं शिक्षण त्या गाडीत झालं.

दहावीनंतर अब्बांनी माझी सोयरीक बघायला घेतली. ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. सोळा वर्षांची पोरगी, अब्बांना म्हणाली, "चाचा, ही नसली तर मलाबी एकटीला गाडीत पाठवणार नाहीत. दोघींची शाळा बंद होईल." अब्बा हसले आणि दोन वर्षं थांबले. त्या दोन वर्षांनंतर मी डी.एड.ला लागले. आज माझी नोकरी, माझं घर, माझ्या लेकींचं शिक्षण सगळं त्या ओट्यावरून आलेलं आहे.

सावित्रीबाईंनी १८५६ च्या ऑक्टोबरात माहेरहून, नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं एक पत्र आहे. त्या आजारी होत्या, शाळेचा भार मागं राहिलेल्यांवर, सोबत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांच्यावर पडलेला. त्यात त्या लिहितात की फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एवढंच वाक्य. मी ते शाळेत वाचून दाखवते तेव्हा दरवेळी मला ती गाडीतली सीट आठवते. दुसरीवर किती भार पडला असेल हे आजारपणातही जिच्या मनात येतं, तिचं त्या दुसरीशी काय नातं असेल?

ईदला ती येते. महालक्ष्म्यांना मी जाते, आरास आम्ही दोघी मिळून करतो.

येळवस

धाराशिवकडं आमच्या घरात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पहिली हाक मैत्रिणींना जाते. आंबील-भज्जी-उंडे घरच्यांपुरते कुणी करतच नाही. यंदा आईंना घेऊन या, खरंच सांगते. खासगी निरोपात पत्ता देते.

चाकणवासी

मूळ लातूर, आता पुण्याजवळ नोकरी. लग्न केलेलं नाही. रूममेट म्हणून आलेली मैत्रीण आता अकरा वर्षं सोबत आहे. मागच्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी 'मैत्रीण' लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं ते खोडून 'बहीण' लिहायला सांगितलं. मी लिहिलं, कारण आत ती कळवळत होती. पण ते खोडणं मनात राहिलं आहे.

एक उपयोगाचं सांगते. बँकेच्या खात्याला आणि ठेवींना नॉमिनी म्हणून मैत्रिणीचं नाव देता येतं, नातेवाईकच लागतो असं नाही. आम्ही दोघींनी एकमेकींची दिली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून जोडीला मृत्युपत्रही केलं. स्वतःच्या कमाईचं आपण हव्या त्या माणसाला देऊ शकतो. त्या कागदावर मी 'मैत्रीण' असं लिहिलं आणि ते कुणी खोडलं नाही.

दुधनाकाठ

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. दोन संध्याकाळी लागल्या. तेरणाकाठचं वाचताना मधे थांबवलं, पाणी प्याली, म्हणाली, "वाच." जोडीदारणीचं दोनदा वाचायला लावलं. येळवसताई, तुम्हाला निरोप आहे, "येते म्हणाव."

बाबाही ऐकत होते, ओसरीवरून. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "दिवाळीआधी गंगाखेडला जाऊन येऊ. तिच्या लेकीला लुगडं नेऊ." आमच्यात दुखवट्याचं लुगडं माहेरचं माणूस नेतं. आई काही बोलली नाही, पण दुपारी बाजारात गेली आणि स्वतः निवडून आणलं. हिरवट, बारीक काठाचं. मावशीला आवडायचं तसलं.

गंगाखेडला मावशीच्या लेकीनं आईला आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. आतून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता. दोघींचा. भाद्रपदापासून आई रडली नव्हती. येताना लेकीनं मावशीची दोन जुनी लुगडी पिशवीत घालून दिली.

काल आईनं ट्रंक उघडली, वाकळ काढून ओसरीवर पसरली. मावशीची लुगडी राहिलेल्या भागात थर म्हणून घातली आणि आपल्या काठाला जाऊन बसली. समोरची जागा मोकळी. मी विचारलं, "मी बसू का?" मान हलवली. मी बसले, मावशीची सुई उपसली. तिच्यात अजून दोरा होता, वीतभर.

मला धड टाका येत नाही. पहिलेच चार वाकडे गेले, म्हणून मी मागचे दोन-तीन उसवून ओळ सरळ करायला गेले. आईनं हात धरला.

"ते तिचे हायत. त्यांना हात लावू नको. तू पुढून धर."